फांदीवरून खुराड्यात

नवं खुराडं बांधलं, आत भाताचा तूस पसरला, तरी दिवस कलला की तलंगा फणसाच्या फांदीवर. अशा वेळी काठी घेऊन अंगणभर धावू नये. घाबरलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी आणखी वरची फांदी गाठते.

तिचा तो हट्ट नव्हे. आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज, तांबडा रानकोंबडा, रात्र झाडावरच काढतो. अंधुक उजेडात कोंबडीला फारच कमी दिसतं, म्हणून उजेड आहे तोवर ती उंच जागा पकडते. पण उदमांजर झाडावर सहज चढतं आणि झोपलेल्या कोंबडीला पळताही येत नाही.

तिची हीच अडचण आपल्या कामी येते. काळोख पडू द्यावा. मग दोन्ही हातांनी पंखांसकट अलगद उचलून तिला खुराड्यातल्या दांडीवर बसवावं; ती फारशी फडफडत नाही. पाय धरून उलटी लटकवत मात्र कधीही आणू नये. तिला इजा होते, आणि माणसावरचा विश्वास उडतो तो वेगळाच. नव्या कोंबड्या आठवडाभर दाणापाण्यासह आतच कोंडाव्यात. नंतर पहिले काही दिवस मावळतीच्या तासभर आधीच सोडाव्यात, म्हणजे त्या लांब जात नाहीत. संध्याकाळच्या कण्या रोज खुराड्यातच टाकाव्यात.

बरीच खुराडी फसतात ती दांडीपायी. दांडीच नसेल तर कोंबड्या अंडी घालायच्या टोपलीत झोपतात आणि अंडी विष्ठेने बरबटतात. दांडी टोपलीपेक्षा उंच हवी, जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. लाकूड ४-५ सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेल्या. प्रत्येकीला साधारण २० सेंटिमीटर जागा. प्लास्टिकचा पाइप नको, त्यावरून पाय घसरतात. जागा कमी पडली की थोराड कोंबड्या नव्यांना टोचून हाकलतात, आणि त्या बिचाऱ्या पुन्हा झाडावर जातात.

दिव्याचंही पाहावं. ओटीवर बल्ब आणि खुराड्यात अंधार असेल, तर कोंबडी आत कशाला जाईल? तिन्हीसांजेला बाहेरचा दिवा मालवून आत लहानसा लावावा आणि सगळ्या दांडीवर बसल्या की तोही बंद करावा.

रोज आत जाणाऱ्या कोंबड्या एकाएकी दाराशी अडल्या, तर आधी खुराडं तपासावं. विष्ठेचा उग्र वास कोंडला असेल, घुशीने बीळ पाडलं असेल किंवा धामण शिरली असेल. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या फटी जरूर बघा. टाचणीच्या डोक्याहून बारीक लाल किडे दिवसा तिथे दडतात आणि रात्री कोंबडीचं रक्त शोषतात. अशा खुराड्यात तिला ढकलणं म्हणजे छळ. तूस काढून जाळावा, फटी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात आणि औषध पशुवैद्यांना विचारूनच मारावं.

आणि कडी लावण्याआधी रोज डोकी मोजावीत. एखादी कमी भरली, तर बॅटरी घेऊन आधी फणसाखाली जावं.