युतीपलीकडचे मत

२००७ साली राष्ट्रपतिपदासाठी भाजपचा पाठिंबा उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना होता. तरीही शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी जुनी युती बाजूस ठेवून काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटील यांना कौल दिला. कारण, मराठी व्यक्ती प्रथमच राष्ट्रपती होणार होती. (गंमत अशी, की प्रतिभाताईंचे यजमानही शेखावतच, घराणे मूळ राजस्थानचे, पण अमरावतीत रुजलेले!) या निवडणुकीस पक्षादेश लागू नसतो, हे खरे, मित्राचा रोष मात्र पत्करावाच लागतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्या घालविलेल्या आम्हां मंडळींस तेव्हा आनंद झाला, तो आम्ही लपवीत नाही. परंतु उद्या आमच्या शेजाऱ्यांनीही भाषा पाहूनच मत दिले, तर आम्ही कोणत्या तोंडाने तक्रार करावी?