हुरडा
हुरडा : ज्वारीच्या भरलेल्या पण टणक न झालेल्या दाण्यांस, विशेषतः ते कणसासह भाजून काढल्यावर, हुरडा म्हणतात. ऐन हिवाळ्यात शेतावर जमून तो खाणे हा सोलापूर व अहिल्यानगर जिल्हे, पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग आणि मराठवाडा येथील जुना विरंगुळा आहे.

सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये पेरलेली रब्बी ज्वारी साधारणपणे डिसेंबर–जानेवारीत हुरड्यावर येते. दाण्यातील दूध आटून चीक घट्ट होऊ लागतो, ती अवस्था योग्य समजली जाते. पुढे साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होऊन गोडी व मऊपणा जातो. त्यामुळे एका शेतातील हुरडा थोडेच दिवस मिळतो.

उथळ खड्ड्यात गोवऱ्या पेटवून आगटी करतात. निखाऱ्यांत कणसे खुपसून भाजतात, गरम असतानाच तळहातांवर चोळून दाणे सोडवितात आणि तुसे फुंकून टाकतात. हुरड्याबरोबर गूळ, दही, शेंगदाण्याची वा लसणाची चटणी खातात. उरलेली हिरवी ताटे वैरणीस उपयोगी पडतात.

चोळताच दाणे सुटणे हा गुण सर्व वाणांत नसतो. त्यासाठी गूळभेंडी, सुरती हे स्थानिक वाण प्रसिद्ध असून राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ हा वाण खास हुरड्यासाठी दिला आहे. रब्बी ज्वारीखालील क्षेत्र घटत असताना, एकेकाळी मुख्यतः पाहुणचाराचा भाग असलेला हुरडा कृषिपर्यटनामुळे उत्पन्नाचे साधन बनला आहे. स्थानिक वाणांची पेरणी टिकून राहण्यास ही मागणी साहाय्यभूत ठरते.