पवनेचं पाणी आणि शिळं झालेलं मॉडेल

आज थेरगावातल्या केजुदेवी बंधाऱ्यावरून सुरुवात करू. समजा, पाऊस आणि पवना धरणातून सोडलेलं पाणी बघून इथली पातळी सांगायला आपण एक न्यूरल नेटवर्क शिकवलं, तेही 2000 सालच्या आकड्यांवर. आज ते चुकणारच. कारण शेतांच्या जागी सोसायट्या आल्या. तोच पाऊस आता मुरत नाही, धावत नदीत येतो. पाऊस आणि पातळी यांचं नातंच बदललं. याला म्हणतात कन्सेप्ट ड्रिफ्ट.

साधा उपाय म्हणजे सरकती खिडकी: ताजा डेटा ठेवायचा, जुना सोडायचा. पण खिडकी केवढी? बिफेट आणि गावाल्दा यांची 2007 ची 'ॲडविन' पद्धत खिडकीचे दोन भाग करून सरासरी ताडून बघते. फरक योगायोगापेक्षा मोठा दिसला की जुना भाग टाकते. हुशार आहे!

मला धास्ती वाटते ती इथेच. ऑगस्ट 2019 मध्ये पवनेला पूर आला. पुढे दोन-तीन वर्षं नदी शांत राहिली, की खिडकीतून तो पूरच गळणार. आणि नदीकाठच्या घरांना अंदाज हवा असतो तो पुराचाच! म्हणून मी पुराचे दिवस वेगळे जपून दर शिकवणीत थोडे मिसळेन. ते जुन्या नात्यातले आहेत, मान्य. पण पूर कधी पाहिलाच नाही अशा मॉडेलपेक्षा बरं.