वेरूळचे ऊन आणि रसाळ वनस्पतींची राखण

वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम उतारावर कोरलेली आहेत. त्यामुळे दुपारनंतरचे ऊन थेट पाषाणावर येते. मे महिन्यात या परिसरातील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काळा बसाल्ट हवेहूनही अधिक तापतो. पायऱ्यांवर अनवाणी उभे राहवत नाही; मात्र क्रमांक ३० ते ३४ या जैन लेण्यांच्या ओसरीत दोन पावले आत गेले की गारवा लागतो. दिवस तोच, हवाही तीच; फरक सावलीचा आणि तापलेल्या दगडापासूनच्या अंतराचा. गच्चीवरील कुंड्यांच्या बाबतीत हाच फरक जीवनमरणाचा ठरतो.

गृहप्रवेशाला वा दुकानाच्या उद्घाटनाला सक्युलंट, म्हणजे पानांत व खोडांत पाणी साठवणारी रसाळ वनस्पती, भेट देण्याची पद्धत आता रुळली आहे. पाणी कमी लागत असल्याने मराठवाड्यात ती सोयीचीही आहे. परंतु ‘वाळवंटातील झाड, उन्हात राहील’ अशा समजुतीने ती पश्चिमेच्या कठड्यावर ठेवली जाते आणि मेअखेरीस तिची पाने पांढरी पडून गळतात. हानी रोपाच्या किमतीपुरती नसते. थोर व कोरफड यांची गणना परंपरेने अनंतकायात होते. ज्या घरात जीवदयेपोटी त्या आहारातून वर्ज्य केल्या जातात, त्याच घराच्या गच्चीवर त्या निष्काळजीपणाने भाजून मराव्यात, हे विसंगत होय.

दिवसा पेढी बंद

बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडी ठेवतात. त्यांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पामुळे पान थंड राहते. अनेक सक्युलंट मात्र दिवसा रंध्रे मिटून घेतात व रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ते दिवसा त्याचे अन्न करतात. या व्यवहारात पाणी वाचते, पण पान थंड ठेवण्याची सोय हातची जाते; दुपारी पान सभोवतालच्या हवेहूनही तापते. रात्रीही उकाडा राहिला तर रंध्रे नीट उघडत नाहीत आणि झाडाची वाढ थांबते. अशा थांबलेल्या झाडाला भरपूर पाणी दिले की मुळे कुजतात. म्हणून ‘ऊन वाढले, पाणी वाढवा’ हा हिशेब येथे चुकतो.

दख्खनच्या खडकाळ माळावर थोर उन्हाळ्यात पाने गाळून हिरव्या खोडावर तग धरतो. माकडशिंग काटेरी झुडपांच्या बुडाशी वाढते. जुन्नर परिसरातील कड्यांवर आढळणारी शिंदळ माकुडी, जिचे शास्त्रीय वर्णन डाल्झेल यांनी प्रसिद्ध केले, कोरड्या दिवसांत पाने टाकून देते. कोणी आडोसा शोधतो, कोणी पानांचा पसारा आवरतो. कुंडीतील झाडाला जागा बदलता येत नाही. त्याचा आडोसा माणसानेच करावा लागतो.

कोणाला किती ऊन

अडेनियम, काटेरी युफोर्बिया आणि फड्या निवडुंग सरावाने कडक ऊन सोसतात. कोरफडीला दुपारची सावली मानवते. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील एचेव्हेरियाला सकाळचे कोवळे ऊन पुरे. दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला वाढणाऱ्या हॉवर्थियाला मार्च ते जून थेट ऊन देऊच नये.

आडोशाची रीत

सर्वांत उत्तम जागा पूर्वेची. ती नसेल तर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी झाडांच्या वर, हवा खेळती राहील इतक्या उंचीवर बांधावी आणि पश्चिमेच्या बाजूनेही खाली सोडावी; कारण दुपारी तीननंतरचे तिरपे ऊन वरच्या जाळीखालून आत शिरते. पत्र्याच्या छपराखाली सावली असली तरी धग असते. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात. काळ्या प्लास्टिकच्या लहान कुंडीत मुळे भाजतात. ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत कोरडी वाळू भरावी.

रोपवाटिकेत जाळीखाली वाढलेले रोप घरी आणताच उन्हात ठेवू नये. प्रथम तासभर सकाळचे ऊन देऊन दोन-तीन आठवड्यांत वेळ वाढवावा. ऐन उन्हाळ्यात कुंडी फिरवू नये. सावलीतील कोवळी बाजू अचानक उन्हासमोर येते आणि करपते.

पाणी माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच, सूर्योदयाच्या सुमारास द्यावे. तेव्हा कुंडी गार असते आणि गच्चीवरील टाकीचे पाणीही. दुपारी त्याच नळातून येणारे पाणी मुळांना पोळते.

भाजल्याची खूण

पानांवर तांबूस छटा आली तर ती झाडाने स्वतः केलेली संरक्षणाची तजवीज असते. ऊन कमी होताच बहुधा पुन्हा हिरवेपणा येतो. पांढरे वा तपकिरी, कोरडे डाग मात्र भाजल्याचे. ते भरून येत नाहीत. असे झाड सावलीत न्यावे, पण लगेच भरपूर पाणी घालू नये, खतही देऊ नये. डागाळलेली पाने घाईने कापू नयेत; खालच्या पानांना ती सावली देतात.

ही दक्षता जूनमध्ये पाऊस आला की संपत नाही. पावसाळ्याच्या ढगाळ महिन्यांत पाने कोवळी झालेली असतात आणि ऑक्टोबरचे स्वच्छ, तीव्र ऊन त्यांना मे महिन्याइतकेच बाधते. म्हणून पावसाळ्यात काढून ठेवलेली जाळी पाऊस ओसरताच पुन्हा बांधावी आणि थंडी सुरू झाल्यावर सोडावी. नवी रोपेही शक्यतो त्यानंतरच आणावीत. सौम्य उन्हाचे दोन-तीन महिने मिळाले, तर उन्हाळा येईपर्यंत ती नव्या जागेला सरावलेली असतात.