प्लेटलेटची संख्या आणि प्लेटलेटची प्रथिने

पावसाळा सरत आला, की जालना, अंबड, परतूर, भोकरदन या परिसरातील चिकित्सालयांत ज्वराचा रुग्ण हातात रक्ताचा अहवाल घेऊनच येतो आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘प्लेटलेट किती?’ प्रति घन मिलिमीटर दीड लाख ते साडेचार लाख ही प्राकृत मर्यादा आता नातेवाइकांनाही पाठ झाली आहे. परंतु ही संख्या केवळ प्लेटलेट किती आहेत एवढेच सांगते. त्या आपले काम करीत आहेत की नाहीत, याचे उत्तर त्या अहवालात नसते. ते प्लेटलेटच्या प्रथिनांत असते. गेल्या पन्नास वर्षांत प्रथिन-विश्लेषणाने हे उत्तर कसे उलगडत नेले आणि आपल्या व्यवसायाशी त्याचा संबंध कोठे येतो, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्लेटलेट किंवा बिंबाणू ही पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे तुकडे होऊन ती निर्माण होते, दोन ते तीन मायक्रॉन व्यासाची असते आणि सात ते दहा दिवस जगते. तिला केंद्रक नसते. त्यामुळे जनुकांचे परीक्षण करून तिच्या वर्तनाचा अंदाज बांधणे फारसे साधत नाही. जन्मतः मिळालेली प्रथिनांची शिदोरी हीच तिची आयुष्यभराची मुख्य सामग्री. नवीन प्रथिने ती अत्यल्प प्रमाणात बनवू शकते. म्हणूनच प्लेटलेट समजून घ्यावयाची तर प्रथिनांकडेच जावे लागते.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका दुर्मिळ विकारात सापडतो. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले, की ज्यांच्या प्लेटलेटची संख्या प्राकृत होती आणि तरीही रक्तस्राव थांबत नव्हता. रक्ताची गुठळी बांधली गेली तरी ती आकसत नव्हती. कारण मात्र अर्धशतक अज्ञात राहिले. १९७४ मध्ये नर्डन व काएन या संशोधकांनी पॅरिसमध्ये अशा रुग्णांच्या प्लेटलेटमधील प्रथिने जेलवर विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने वेगळी केली. निरोगी व्यक्तीच्या जेलवर जेथे एक ठळक पट्टा दिसतो, तेथे या रुग्णांत तो पट्टा विकृत होता. पुढे निश्चित झाले, की दोष प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील ग्लायकोप्रोटीन दोन-ब/तीन-अ या जोडप्रथिनात आहे. फायब्रिनोजेनचा धागा याच प्रथिनाला धरतो आणि एक प्लेटलेट दुसरीला जोडली जाते. एका निरोगी प्लेटलेटवर या प्रथिनाच्या सुमारे ऐंशी हजार प्रती असतात. त्या नसल्या, की लाखो प्लेटलेट शेजारी शेजारी असूनही परस्परांना धरू शकत नाहीत.

बर्नार्ड-सूलिए या १९४८ मध्ये वर्णिलेल्या दुसऱ्या विकारात ग्लायकोप्रोटीन एक-ब सदोष असते. त्यामुळे फाटलेल्या रक्तवाहिनीला चिकटण्याची पहिली पायरीच चुकते. यात प्लेटलेट आकाराने फार मोठ्या असतात व यंत्र त्या नीट मोजत नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. हे वर्गीकरण उपचारांचे आहे. त्यातील एकेका शब्दाला एकेक प्रथिन चिकटविण्याचा मोह काही लेखांत दिसतो, तो मला योग्य वाटत नाही.

हे दुर्मिळ विकार आपल्या दारी कशाला येतील, असे कोणी म्हणेल. ग्लान्झमान विकार अप्रभावी आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारात एक असते. मराठवाड्यात मामाच्या मुलीशी विवाह अनेक समाजांत आजही रूढ आहे, आणि एकाच घराण्यातील दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता अशा विवाहांत वाढते. असे मूल बहुधा प्रथम आपल्याकडेच येते. वारंवार घोळणा फुटतो, हिरड्यांतून रक्त येते, किरकोळ आघाताने अंगावर निळे डाग पडतात. मुलगी असेल तर पहिल्याच रजोदर्शनात रक्त थांबत नाही. आपण रक्तपित्त किंवा असृग्दर म्हणून चिकित्सा आरंभतो. प्लेटलेटचा अहवाल प्राकृत, रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन्ही चाचण्या प्राकृत. मग ‘उष्णता आहे’ म्हणून रुग्ण घरी जातो. येथेच खरा धोका आहे.

तालुक्याच्या ठिकाणीही एक साधी परीक्षा शक्य आहे. बोटातून काढलेल्या, कोणतेही रसायन न मिसळलेल्या रक्ताचा काचपट्टीवरील लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. निरोगी रक्तात प्लेटलेट पुंजक्यांनी दिसतात. ग्लान्झमान विकारात त्या एकेकट्या विखुरलेल्या असतात. एवढा संशय आला तरी रुग्णास पुढे पाठविणे उचित. मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची इम्युनोहिमॅटॉलॉजीची संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून तिचा आरंभ झाला आणि ग्लान्झमान विकारावर तेथे भरीव काम झाले आहे. निदान आधी झालेले असणे महत्त्वाचे, कारण अशा रुग्णास वारंवार प्लेटलेट चढविल्या तर त्याचे शरीर त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि मग प्रसंगी चढविलेल्या प्लेटलेटही निरुपयोगी ठरतात.

जेलवरील पट्ट्यांपासून विज्ञान आता बरेच पुढे गेले आहे. प्लेटलेटमधील प्रथिनांचे ट्रिप्सिन या पाचक विकराने लहान तुकडे करतात, वस्तुमानमापक यंत्रात प्रत्येक तुकड्याचे वस्तुमान अत्यंत सूक्ष्मतेने मोजतात आणि संगणकातील ज्ञात प्रथिनांशी ते ताडून पाहतात. प्रथिनांसारखे मोठे रेणू अशा यंत्रात अखंड नेण्याच्या पद्धतींसाठी फेन व तानाका यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी निरोगी प्लेटलेटमधील सुमारे चार हजार प्रथिनांची नोंद प्रसिद्ध केली आणि त्यांतील बहुतेकांच्या प्रती एका प्लेटलेटमध्ये किती असतात हेही मांडले.

औषधविक्रेत्या बंधूंना यातील एक मुद्दा रोजच्या उपयोगाचा आहे. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधील सायक्लोऑक्सिजनेज या प्रथिनाला कायमचे बद्ध करते. केंद्रक नसल्याने प्लेटलेटला ते पुरेसे नव्याने बनविता येत नाही, म्हणून गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे आठवडाभराहून अधिक, टिकतो. संख्या मात्र जशीच्या तशी राहते. क्लोपिडोग्रेल वेगळ्या प्रथिनाला, एडीपीच्या ग्राहकाला, बद्ध करते. लसूण आणि गुग्गुळ यांच्या घटकांचा प्लेटलेट एकत्र येण्यास विरोध प्रयोगशाळेत दिसला आहे. आहारातील लसणाची चिंता नको. पण हृद्रोगाची ही औषधे चालू असलेल्या रुग्णास गुग्गुळकल्प दीर्घकाळ देताना, विशेषतः शस्त्रकर्म किंवा दात काढणे जवळ आले असता, विचारपूस झालीच पाहिजे.

डेंग्यूत चित्र उलट असते: संख्या घटते, पण रक्तस्राव त्या प्रमाणात होईलच असे नाही. २०१७ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी डेंग्यूच्या रुग्णांच्या प्लेटलेटमधील प्रथिनांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यावरून या प्लेटलेट उत्तेजित झालेल्या आणि दाह व प्रतिकारप्रक्रियेत गुंतलेल्या असतात, असे दिसते. जीवघेणा प्रसंग बहुधा रक्तवाहिन्यांतून रक्तरस झिरपल्याने ओढवतो; म्हणून हिमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब, मूत्राचे प्रमाण व पोटातील शूल यांकडे लक्ष हवे. ज्वर उतरू लागल्यानंतरचे एक-दोन दिवसच अधिक जोखमीचे असतात. पपईच्या पानांच्या गोळ्यांचा या काळात मोठा खप होतो. काही चाचण्यांत त्यांनी संख्या लवकर वाढल्याचे दिसले आहे. मृत्यू किंवा रक्तस्राव टळतो हे सिद्ध झालेले नाही. त्या विकताना ‘यावर प्लेटलेट वाढतील, दवाखान्याची गरज नाही’ हे वाक्य कोणाही औषधविक्रेत्याच्या तोंडी येऊ नये. तसेच अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये. आधीच कमी झालेल्या प्लेटलेटचे कार्यही त्यामुळे मंदावते. ज्वरासाठी पॅरासिटामॉल, तेही योग्य मात्रेत.

प्लेटलेटच्या कार्याची परीक्षा करावयाची असल्यास नमुना जालन्याहून कुरिअरने पाठवून भागत नाही. प्लेटलेट स्पर्शाने, थंडीने व हेलकाव्यांनी उत्तेजित होतात, आणि ही परीक्षा रक्त काढल्यापासून सुमारे चार तासांत पूर्ण व्हावी लागते. म्हणून रुग्णानेच तेथे जावे. जाण्यापूर्वी किमान दहा दिवस अ‍ॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामके घेतलेली नसावीत; हृद्रोगासाठी ती चालू असल्यास संबंधित डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. चालू असलेल्या सर्व औषधांची, आपल्या कल्पांसह, नावे व मात्रा लिहिलेली चिठ्ठी आपण रुग्णासोबत द्यावी.