जीवाणूंच्या पेशीत घडणारे प्लास्टिक

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधक मॉरिस लमॉन्य यांनी १९२० च्या दशकात ‘बॅसिलस मेगाटेरियम’ या जीवाणूपासून पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट हे बहुवारिक, म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी जुळून बनलेला पदार्थ, वेगळे केले. उद्योगाला उपयोगी पडणारे पॉलिथीन मिळाले ते त्यानंतर, १९३३ मध्ये.

जीवाणूंसाठी हा पदार्थ, माणसाच्या शरीरातील चरबीप्रमाणे, अडचणीच्या काळासाठी राखलेला साठा असतो. साखर मुबलक असूनही नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडला, की पेशींची वाढ खुंटते आणि शिल्लक कर्ब तीन विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने या साखळ्यांत गुंफला जाऊन सूक्ष्म कणांच्या रूपाने पेशीत साचतो. ‘क्युप्रियाव्हिडस नेकेटर’ या जीवाणूत तो पेशीच्या कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच किण्वनाच्या टाकीत आधी भरपूर पोषण देऊन जीवाणू वाढवले जातात व नंतर त्यांचा नायट्रोजन मुद्दाम तोडला जातो. हा साठा मुळात खाण्यासाठीच असल्यामुळे माती, कंपोस्ट व समुद्र येथील अनेक सूक्ष्मजीव तो पचवू शकतात, आणि या प्लास्टिकचे खरे मोल त्यातच आहे.

शुद्ध पदार्थ ठिसूळ असतो. ‘आयसीआय’ या ब्रिटिश कंपनीने जीवाणूंना ग्लुकोजबरोबर प्रोपिऑनिक आम्ल देऊन अधिक लवचिक ‘बायोपॉल’ तयार केले आणि १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या शॅम्पूच्या बाटल्या बाजारात आल्या. तरीही किमतीत ते टिकले नाही, कारण साखर विकत घ्यावी लागते आणि पेशी फोडून बहुवारिक शुद्ध करण्याचा खर्चही मोठा असतो. ब्राझीलमधील साओ पावलो राज्यात या प्लास्टिकचा प्रायोगिक प्रकल्प साखर कारखान्याला जोडून उभारला गेला, तेव्हा उसाची साखर, चिपाडावर निर्माण झालेली वीज आणि आसवनीतून मिळणारा द्रावक हे सारे एकाच आवारात उपलब्ध झाले.

महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांकडे मळी, चिपाड व आसवनी आहेच. मात्र त्याच मळीला इथेनॉलसाठीही मागणी असल्याने या प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्या बनवण्याचा हव्यास धरण्यापेक्षा, शेतातून पुन्हा गोळा करणे जिकिरीचे ठरणारे मल्चिंग पेपर आणि रोपवाटिकेतील पिशव्या यांसाठी ते आधी वापरून पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.