टीएसएच वाढला म्हणजे नेमकं काय वाढलं?

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या आणि एका मावशींनी पिशवीतून घडी घातलेला रिपोर्ट काढला. "ताई, बघ गं, माझा थायरॉईड परत वाढलाय." टीएसएच १४.२. मी विचारलं, गोळी चालू आहे ना? तर म्हणाल्या, "मागचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग चार महिन्यांपूर्वीच बंद केली."

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. पण ही चूक मी दोन-तीन गावांत पाहिली, म्हणून लिहिते.

थायरॉईड ही गळ्यात पुढच्या बाजूला असलेली ग्रंथी. ती टी-३ आणि टी-४ हे हार्मोन तयार करते. टीएसएच मात्र तिथे तयार होत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीतून येतो. तो म्हणजे थायरॉईडला मारलेली हाक. सकाळी पोरगं एका हाकेत उठलं तर आपण ओरडत नाही. उठलंच नाही तर आवाज चढतो. तसंच हे. थायरॉईड सुस्त पडली की मेंदूची हाक मोठी होते, म्हणजे टीएसएच वाढतो. म्हणजे आकडा वाढलेला, पण ग्रंथीचं काम कमी झालेलं! उलटं वाटतं, मलाही आधी वाटलं होतं.

टीएसएच जास्त आणि टी-४ कमी असेल तर थकवा, अंग जड वाटणं, थंडी सहन न होणं, पाळीत जास्त अंगावर जाणं असे त्रास होऊ शकतात. टीएसएच जास्त पण टी-४ ठीक, ही सुरुवातीची अवस्था असू शकते. गोळी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतात. टीएसएच फार कमी आणि टी-४ जास्त असेल तर ग्रंथी जोरात चालली आहे: छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं.

टीएसएच साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असावा, पण प्रत्येक लॅबची मर्यादा थोडी वेगळी असते. ती आकड्याशेजारीच छापलेली असते, तीच बघा. गरोदरपणातली मर्यादा वेगळी. गोळी चालू असताना दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना सांगा, डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूच्या वाढीचा प्रश्न असतो.

आता मावशींचं. रिपोर्ट नॉर्मल आला होता तो गोळीमुळे. गोळी थांबली, हाक पुन्हा चढली. अजून एक गोष्ट निघाली: आधी त्या ही गोळी चहाबरोबर घ्यायच्या आणि लोहाची गोळीही तेव्हाच. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही.

मावशी डॉक्टरांकडे जाऊन आल्या, गोळी परत सुरू झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आहे. तारीख त्यांनी गटाच्या पासबुकाच्या मागे लिहून घेतली आहे.